कानसेनांचे कान

कानसेन हे काही त्यांचं जन्मनाव नव्हतं. गाड्यांच्या वेडानं झपाटलेल्या कुणा गिऱ्हाइकानं कधीतरी ते ठेवलं आणि असं चिकटलं, की वर्कशॉपच्या पाटीवर वेगळंच नाव रंगवलेलं असूनही लोक एकमेकांना पत्ता सांगताना म्हणायचे, "पुलाच्या अलीकडे वळ, कानसेनांकडे ने." टर्बो लावलेल्या गाड्यांची ताकद वाढवून देणं हा त्यांचा धंदा. तो धंदा दुसरे लोक कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून करत. कानसेन तो कानांनी करत.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. इतकं सरळ आहे ते. पण कोंबायलाही मर्यादा असते. पेट्रोल पेटवणारी ठिणगी थोडी अलीकडे, म्हणजे वेळेआधी पाडली की गाडी खूश होते, जरा जास्तच अलीकडे पाडली की पेट्रोल आपल्या मनानं भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे बसायला लागतात. याला म्हणायचं नॉकिंग. आवाज अगदी बारीक. काचेच्या बरणीत चार खडे टाकून हळूच हलवावी, तसा. सगळी कला काय, तर त्या आवाजाच्या काठापर्यंत जायचं आणि तिथून मागे फिरायचं.

त्यासाठी कानसेनांनी तरुणपणी एक जुगाड केलं होतं. तांब्याची नळी, तिचं एक टोक ठोकून चपटं केलेलं, त्याला भोक. ते टोक इंजिनाला बोल्टनं आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती थेट कानांवरच्या जाड टोपणांमध्ये. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तसं ते इंजिन ऐकायचे. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. त्यांच्या हातची गाडी आजवर फुटली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना आवाज मुद्दाम खाली आणत, म्हणजे समोरच्यानं जवळ यावं.

वर्कशॉप म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. मधोमध जमिनीत बसवलेले दोन मोठे रोलर, ज्यांवर गाडीची चाकं ठेवून ती जागच्या जागी पळवता येते आणि ताकद मोजता येते. पुढे माणसाएवढा पंखा, मागे काचेची खोली. गिऱ्हाइकांनी तिथेच उभं राहायचं, आत यायचं नाही. हत्यारांची भिंत इतकी नीटनेटकी, की एखादा पाना जागेवर नसला तर दात पडल्यासारखं दिसायचं.

जोडीला धाकटा भाऊ. गिअरबॉक्स, वायरिंग, क्लच हे त्याचं खातं. रोलरवर बसायचं ते फक्त दादानं. दादाचं काम झालं की धाकटा लॅपटॉप शेजारच्या सीटवर टाकून गाडी रस्त्यावर घेऊन जायचा, चाचणीला. तासभर तरी परत यायचा नाही. "हौस आहे त्याला," कानसेन गिऱ्हाइकांना सांगायचे. "पेट्रोल तुमचं, मजा त्याची." धाकटा हसायचा. तो मुळात कमी बोलणारा.

तर एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई आपली लाल, दोन दारांची गाडी घेऊन आल्या. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन गाडी पिळायची, असा त्यांचा खाक्या. बाई ठेंगण्याठुसक्या, केस आखूड, बोलणं रोखठोक.

"सरळ रस्त्यावर मला सगळे मागे टाकतात," त्या म्हणाल्या. "मला हे आता बघवत नाही."

"पुढच्या वेळी तुम्ही त्यांना बघायचंच नाही," कानसेन म्हणाले. "आरशात दिसतील तेवढेच."

मोठा टर्बो आला. हवा थंड करणारी रुंद जाळी आली, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर आले, ठोकून घडवलेले जास्त मजबूत पिस्टन आले. हे पिस्टन थंड असताना थोडे खडखडतात. गाडीत कंपनीनं बसवलेला सेन्सर असतो, तो नॉकिंग ऐकून कॉम्प्युटरला कळवतो. पण ही खडखड त्याला नॉकिंगच वाटायची आणि तो उगीच बोंब मारायचा. कानसेनांनी लॅपटॉपवर दोन-चार आकडे बदलून त्याचा आवाज बंद केला.

"एका गाडीत दोघांनी कशाला ऐकायचं?" ते म्हणाले.

धाकटा तेव्हा समोरच होता. त्याच्या मुलीला बाळ झाल्याचा फोन आला होता आणि तो बायकोला घेऊन दुसऱ्या गावी निघाला होता. हात पुसता पुसता तो थांबला.

"दादा, ही गाडी मी येईपर्यंत रोलरवर घेऊ नको."

"का? तुझ्यावाचून रोलर फिरत नाहीत का?"

"तसं नाही. थांब ना पण. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तू आजोबा झालास, डोकंही म्हाताऱ्यासारखं चालायला लागलं. जा, नातीचं तोंड बघ. मी बघतो इकडचं."

धाकटा दारापर्यंत गेला, परत वळला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बायकोनं रिक्षातून हाक मारली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद ठेवला. कानसेनांनी गाडी रोलरवर चढवली, पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधली, नळी आवळली, टोपणं कानांवर चढवली आणि सीटवर बसले. बाई काचेमागे. पहिली खेप. दुसरी. प्रत्येक खेपेला गाडी तळातून वर नेऊन सोडायची, आलेख बघायचा, ठिणगी केसभर अलीकडे घ्यायची, पुन्हा पळवायची. आकडा चढत होता. कानांत स्वच्छ, जाड, गोल आवाज. एकही खडा नाही. असं इंजिन कितीतरी दिवसांत भेटलं नव्हतं. कानसेनांच्या अंगावर खरोखर रोमांच उभे राहिले.

आणखी थोडं. आणखी थोडं.

शेवटच्या खेपेला त्यांची नजर आरशात गेली. काचेमागे डॉक्टरीणबाई दोन्ही तळहातांनी काच बडवत होत्या, तोंड उघडत-मिटत होतं. आनंदानं वेड्या झाल्यात, कानसेनांना वाटलं. त्यांनी पायाचा दाब तसाच ठेवून खिडकीतून हात बाहेर काढला आणि अंगठा उंचावला.

तेवढ्यात इंजिन फुटलं.

तो आवाज मात्र त्यांना ऐकू आला. आधी एक धक्का, जणू कुणी खालून पहार घातली, मग लोखंड लोखंडावर आपटल्याचा कडकडाट, मग पांढरा धूर. तापून लाल झालेल्या टर्बोवर तेल उडालं आणि बॉनेटच्या फटींतून ज्वाळा निघाल्या. कानसेनांना पट्टा सोडायचं सुचेना. दार कुणीतरी बाहेरून उघडलं. डॉक्टरीणबाई. त्यांनी कानसेनांना दंडाला धरून ओढलं, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं स्वतःच काढलं आणि बॉनेटखाली फवारा मारला. पांढऱ्या भुकटीनं गाडी, जमीन, दोन माणसं, सगळं माखलं.

शांत झाल्यावर कानसेनांनी वाकून बघितलं. इंजिनाच्या पोटाला मुठीएवढं भोक पडलं होतं. त्यातून मोडलेला, वाकलेला दांडा बाहेर आला होता, मोडलेल्या हाडासारखा.

ते टायरांच्या चळतीवर बसले.

"मी ओरडत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आनंदानं."

"आनंदानं?" बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, खडखडत होतं ते! खडे वाजावेत तसं. शेवटच्या तीन-चार खेपा सलग. मला काचेमागून ऐकू येत होतं. तुम्ही तर नळी लावून बसला होतात. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय, काहीतरी पद्धत असेल तुमची."

"आवाज नव्हता," कानसेन म्हणाले.

"होता."

"बाई, मी हे काम करतोय तेव्हा तुम्ही शाळेत असाल. आवाज नव्हता. पेट्रोल भेसळीचं असणार."

बाईंनी चेहऱ्यावरची भुकटी पुसली. गाडीच्या नावानं एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांच्या शेजारी दुसऱ्या टायरांवर टेकल्या आणि हळू म्हणाल्या, "माझे एक सर होते. चाळीस वर्षं कानाशी ड्रिल. त्यांचे बारीक आवाज गेले. त्यांना कळलंच नाही. गेलेला आवाज जाताना काही सांगून जात नाही ना. तुम्ही कान तपासून घ्या."

"मी?" कानसेन उभे राहिले. "मी कान तपासू?"

आयुष्यात त्यांना इतका अपमान वाटला नव्हता.

पुढचे दिवस त्यांनी शेडचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि इंजिन उघडलं. एकट्यानंच. पेट्रोलचा दोष शोधायचा होता, आणि तो सापडणारच याची त्यांना खात्री होती. चारही पिस्टन काढून त्यांनी बेंचवर मांडले. एक तर तुकड्यांतच होता. पण त्यांनी पुन्हा पुन्हा उलटून बघितले ते उरलेले तीन. तिन्हींच्या कडा वाळूनं खरवडल्यासारख्या खडबडीत झाल्या होत्या, बारीक बारीक टोचे पडले होते. एका फटक्यात हे होत नाही. हातोडे बसत राहिले, बसतच राहिले, तेव्हा असं दिसतं. दुसऱ्या कुणाच्या इंजिनात हे पाहिलं असतं तर ते हसले असते. म्हणाले असते, चालवणारा बहिरा होता का?

डोळे एक सांगत होते, कान दुसरं. आणि डोळ्यांवर अविश्वास ठेवायला काही जागाच नव्हती.

धाकटा आला तो असा खुशीत. शटरखालून वाकून आत शिरला तो मोबाईल पुढे धरूनच. "दादा, नाक बघ, डिट्टो आईचं—" आणि त्याची नजर स्टँडवरच्या इंजिनावर गेली. त्या भोकावर. मोबाईलचा हात हळूहळू खाली आला.

कानसेन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आश्चर्य दिसेल, असं त्यांना वाटलं होतं. आश्चर्य नव्हतंच. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा होतो तसा तो चेहरा झाला होता.

"तुला सांगितलं होतं मी थांब म्हणून," धाकटा पुटपुटला.

"म्हणजे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तुला काय माहीत होतं? ही फुटणार हे तुला माहीत होतं?"

धाकट्यानं मोबाईल खिशात घातला. बेंचवरचा एक पिस्टन उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"दादा, मी रस्त्यावर चाचणीला जातो ना..."

"हं."

"चाचणीला जात नाही मी. म्हणजे जातो. पण पुढे त्या बंद पडलेल्या गोदामाच्या रस्त्याला नेतो, लॅपटॉप लावतो आणि तू लावलेली ठिणगी मागे घेतो. थोडी. जिथे खडखडतं तिथे. गेली दोन-अडीच वर्षं. जवळजवळ प्रत्येक गाडी. तोवर सेन्सर सांभाळून घ्यायचा, या गाडीत तूच तो बंद केलास."

शेडमध्ये कुठेतरी पत्रा उन्हानं तडतडला असावा. धाकट्यानं त्या दिशेनं पाहिलं. कानसेनांनी नाही.

त्यांना पहिल्यांदा वाक्याचा अर्थच लागेना. मग एकेक गाडी डोळ्यांसमोरून जायला लागली. ती काळी. ती निळी, जिचा मालक शर्यत जिंकून आल्यावर त्यांच्या गळ्यात पडला होता. ज्या ज्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून ते म्हणाले होते, माझ्या हातची फुटत नाही, ती ती गाडी. ती त्यांच्या हातची नव्हतीच. निदान पूर्ण नव्हती. ते ज्याला हौशी म्हणून हसायचे, तो गुपचूप त्यांच्या चुका पुसत होता.

"विदूषक केलास माझा," ते म्हणाले.

"दादा..."

"लोकांसमोर मी डोळे मिटून, नळी लावून बसायचो. आणि तू मागून बघायचास. हसत असशील."

"हसायला येईल असं होतं का ते?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रडायला यायचं मला."

"मग तोंड शिवलं होतं का? सांगायचंस!"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"ती पांढरी गाडी होती बघ, सुरुवातीची. तू इथेच बसला होतास, टर्बो उघडून. मी तुझ्या मागे उभा राहिलो. तुझ्या तोंडासमोर बोलायची हिंमत होत नव्हती म्हणून मागे. म्हटलं, दादा, तुला बारीक आवाज येईनासे झालेत, रोलरवर मला बसू दे. सगळं एका दमात बोललो. तू मान वर केली नाहीस. मी थांबलो. मग तू म्हणालास, बारा नंबर दे."

कानसेनांची नजर भिंतीवरच्या पान्यांकडे गेली.

"मी तुला बारा नंबरचा पाना दिला," धाकटा म्हणाला. "मला वाटलं हेच तुझं उत्तर. ऐकून कानामागे टाकलंस. म्हटलं, दादाला हा विषय नको असेल तर आपण नाही काढायचा. आपण आपलं करत राहायचं."

"मला..." कानसेन म्हणाले. "मला ऐकूच आलं नव्हतं रे."

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं. ही शक्यता त्याच्या मनात कधी आलीच नव्हती, हे त्याच्या तोंडावर लख्ख दिसलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हे ऐकू आलं नसेल, एवढी साधी गोष्ट. तो बेंचला धरून खाली बसला.

घरी जाऊन कानसेनांनी बायकोला सगळं सांगितलं. रागानंच सांगितलं. भावानं कसं फसवलं, त्या दातवाल्या बाईनं कसा अपमान केला. बायको समोर उभी राहून ऐकत होती. ती मधे काहीच बोलेना तेव्हा ते थबकले.

"तुला धक्का नाही बसला?"

"फुटल्याचा बसला ना. तुम्हाला काही लागलं नाही, हेच खूप."

"नाही, ते कानाचं."

तिनं खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. "अहो, घरात तुमच्याशी पाठीमागून कुणी बोलतंच नाही. लक्षात नाही आलं कधी? फोन मी घेते. टीव्हीचा आवाज तुम्ही लावता तेवढा असला की शेजारी भिंत ठोकतात. मी जाऊन त्यांची समजूत काढून आले. लेक नुसत्या फोनवर तुमच्याशी बोलत नाही, चेहरा दिसेल असाच कॉल करते. का, ते विचारा तिला."

कानसेनांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांनासुद्धा.

"तू हल्ली बोलायला माझ्यासमोर येऊन उभी राहतेस," ते म्हणाले. "हात धरून बोलतेस. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही."

"बोला ना."

"मला वाटायचं, या वयात तुझा जीव पुन्हा जडलाय माझ्यावर."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तो काही उडाला नव्हता कधी," ती म्हणाली. "पण समोर यायचं कारण कानच."

दुसऱ्या दिवशी तीच त्यांना कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कपाटाएवढी एक खोली होती, आतून गादीसारखी मऊ, पुढे छोटी काच. तपासणाऱ्या मुलीनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, काका. कितीही हळू असला तरी."

आवाज आले. जाड, घुमणारे. कानसेनांनी दाबलं. दाबलं. पुन्हा दाबलं. बघा, त्यांच्या मनात आलं, सगळं येतंय की. एकदा या मुलीकडून लिहून घेतो आणि एकेकाच्या नाकावर आपटतो.

मग काहीच येईना. ते थांबले. अंगठा बटणावर तयार ठेवून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. शांतता. बराच वेळ शांतता. त्यांनी डोळे उघडले. काचेपलीकडे मुलगी खाली बघून काहीतरी फिरवत होती, एक कळ दाबत होती, वर बघत होती, पुन्हा दाबत होती. शेवटी तिनं दार उघडलं.

"बिघडलं का?" कानसेनांनी विचारलं.

"काय?"

"मशीन. बंद पडलं ना मधेच?"

मुलीनं एकदा त्यांच्या बायकोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाही काका. मघापासून वाजतंय."

स्फोटापेक्षा मोठा धक्का कोणता, असं कानसेनांना नंतर कुणी विचारलं तर ते हाच सांगायचे. स्फोटाला निदान आवाज होता.

जाड आवाज शाबूत, बारीक पार गेलेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. टर्बोची शिट्टी, पंखे, हवेची हत्यारं, वर्षानुवर्षं. कानांवर टोपणं होती हे खरं, पण त्यांनी तर टोपणांच्या आत नळी घालून इंजिनच कानात घेतलं होतं. "लोक हल्ली नीट बोलत नाहीत, पुटपुटतात, असं वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं. कानसेन बायकोकडे बघायला धजले नाहीत. हे तर ते रोज म्हणायचे.

चार-आठ दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत. धाकट्याशी अबोला होता असंही नाही आणि बोलणं होतं असंही नाही. एका सकाळी कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं लावून ते आले आणि दारातच थिजले.

"हे काय शिटी मारतंय?"

"कुठे?"

"अरे, सारखं! सूं... असं."

धाकट्यानं कान दिला. "ते होय. हवेच्या टाकीच्या पाइपाचा जोड गळतोय."

"कधीपासून?"

"असेल दोनेक वर्षं."

"दोन वर्षं! आणि कुणी दुरुस्त नाही केला?"

"तू रोज त्याच्या शेजारीच बसतोस," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तुझं तू ठरवलं असशील काहीतरी."

कानसेन आधी तडकणार होते. मग त्यांना हसू फुटलं, आणि धाकट्यालाही. पण हसणं ओसरल्यावर दोघांनाही कसंनुसं झालं. एकाच छपराखाली दोन माणसं इतकी वर्षं काय काय मनाशी धरून बसली होती! कानसेनांनी पाना घेतला आणि आधी तो जोड आवळला.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "आवाज होता. तुमचं बरोबर. इंजिन मी नव्यानं बांधून देतो. हात अजून चांगले आहेत. रोलरवर मात्र भाऊ बसेल. चालत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या, वाईट वाटणार नाही." पलीकडे थोडा वेळ काही आलं नाही. यंत्र बंद पडलं की काय म्हणून ते घाबरले. मग बाई म्हणाल्या, "कधी येऊ?"

इंजिन त्यांनी बांधलं, अगदी जीव ओतून. आणि रोलरच्या दिवशी ते आग विझवायचं नळकांडं हातात धरून पंख्याजवळ उभे राहिले, धाकटा सीटवर बसला. धाकट्याची पद्धत बघून त्यांचा जीव आधी कासावीस झाला. तो गाडी वरपर्यंत नेतच नव्हता. मधल्या वेगांतच घोळत बसला होता, टर्बो किती लवकर जागा होतो ते बघत, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. सेन्सरचा आवाज त्यानं आधीच परत चालू केला होता, पिस्टनची थंडपणीची खडखड तेवढी नॉकिंग धरायची नाही असं समजावून. शेवटचा आकडा आला तो कानसेनांच्या त्या फुटलेल्या खेपेपेक्षा बराच कमी.

"एवढंच?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"बसून बघ बाईंबरोबर," धाकटा म्हणाला.

बाईंनी चालवली, कानसेन शेजारी. गोदामाच्या मोकळ्या रस्त्यावर, एका वळणातून बाहेर पडताना बाईंनी पाय दाबला आणि कानसेनांचं डोकं सीटवर आदळलं. पूर्वी त्यांच्या गाड्या आधी श्वास घ्यायच्या, थांबायच्या, मग धावायच्या. ही थांबलीच नाही. पायाखालून उचलल्यासारखी निघाली. बाईंच्या तोंडून डॉक्टरांना न शोभणारा एक शब्द गेला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. कानसेनांनी दाराचा दांडा घट्ट धरला होता. ते आयुष्यभर आकड्यामागे लागले होते, रोलरवरच्या, काचेमागच्या लोकांना दाखवायच्या. धाकट्याच्या वाट्याला रोलर कधी आलाच नव्हता. त्याला फक्त रस्ता मिळाला होता, चोरून, तासभराचा. आणि त्या चोरट्या तासांत तो हे शिकून बसला होता.

परत आल्यावर बाई खाली उतरल्या, गाडीला एक फेरी मारली, पुन्हा आत बसल्या आणि निघून गेल्या. हात हलवायचंही त्यांना सुचलं नाही.

शेडमध्ये दोघंच उरले. धाकटा केबल गुंडाळत होता.

"हे तुला येत होतं," कानसेन म्हणाले. "इतकी वर्षं तुला हे येत होतं."

धाकट्यानं खांदे उडवले.

"एक विचारू? माझं किती मागे घ्यायचास? सगळ्या गाड्यांत?"

"सगळ्या नाही."

"म्हणजे काहींना हात लावावा लागला नाही?"

"काहींना नाही लागला."

"कोणत्या?"

धाकटा केबलचा वेढा नीट करत राहिला. "आता आठवत नाही, दादा. होत्या दोन-तीन."

तो खरं बोलत होता की मन राखत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि नवीन यंत्रांनी आवाज कितीही बारीक आणून दिला तरी त्यातूनही कळेना. कानसेनांनी आणखी विचारलं नाही. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली. एक करडी गाडी येऊन उभी होती. धाकटा लॅपटॉप उचलून तिच्याकडे गेला आणि कानसेन बॉनेट उघडायला.